धोक्याचा रंग

अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं की तुमच्या धंद्यातली गमतीदार गिऱ्हाइकं येऊ द्या, दिवाळीत लोकांना हलकं वाचायला आवडतं. तशी गिऱ्हाइकं माझ्याकडे आहेत. तेवढी आधी उरकून घेते, कारण मला जे सांगायचं आहे ते त्यांच्याबद्दल नाही.

आधी माझं काम काय ते सांगते. अमरावतीत राजापेठेत एका औषधाच्या दुकानावर नितीन सरांची सॉफ्टवेअरची कंपनी होती. सुरुवातीला दोन खोल्या, मग हळूहळू अख्खा मजला. दाल मिल, जिनिंग, कापडाची दुकानं, पतसंस्था, दवाखाने, ज्याला जो प्रोग्राम लागेल तो आम्ही करून द्यायचो. प्रोग्राम आतून कसा चालतो ते इतर जण बघायचे. तो माणसाच्या डोळ्यांना कसा दिसतो ते मी बघायचे. कुठला रंग कुठे, अक्षर केवढं, बटण कुठल्या कोपऱ्यात, मोकळी जागा किती. या सगळ्याला मिळून थीम म्हणतात. माझी आई शेजारणींना सांगायची, की आमची संघमित्रा कॉम्प्युटरले कलर मारते. मी कधी दुरुस्ती केली नाही. ऑफिसातले इंजिनिअरही मनातून तेच समजत होते.

या कामातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते. आम्ही रंगांना तांबडा, निळा अशा नावांनी हाक मारत नाही. ज्याचं जे काम, तेच त्याचं नाव: पृष्ठभाग, मजकूर, मुख्य, इशारा, धोका. 'मुख्य' म्हणजे अमुक रंग असं एका जागी लिहून ठेवायचं, की शेकडो पानांवर तो आपोआप उतरतो. गिऱ्हाइकाचं मन बदललं तर एक ओळ बदलायची, सगळा प्रोग्राम नवे कपडे घालून उभा. सोय मोठी आहे. पण एका ओळीत सगळं रूप पालटतं, म्हणजे एका ओळीत सगळं बिघडतंही.

आता गिऱ्हाइकं. अकोल्याच्या एका दाल मिलवाल्या शेठजींनी वास्तुतज्ज्ञाला सोबत बसवून माझ्याकडून थीम करून घेतली. स्क्रीनच्या आग्नेयेला लाल हवा, ईशान्येला निळा. मी विचारलं, स्क्रीनची पूर्व कुठली धरायची? बसणाऱ्याची की भिंतीची? त्यावर दोघांचं बराच वेळ एकमत होईना. शेवटी टेबलच फिरवलं. आग्नेयेच्या कोपऱ्यात नोंद पुसायचं बटण आलं, ते लाल झालं आणि योगायोगाने तेच बरोबर होतं. दुसरे अमरावतीचे साड्यांचे व्यापारी. त्यांना बिलाच्या मागे दिवंगत वडिलांचा फोटो हवा होता. फोटो लावला, तर बेरजेचे आकडे बरोबर वडिलांच्या कपाळावर. खाली सरकवला, तर मिशीवर. ते म्हणाले, मिशीवर चालतीन, बाबाले हिशोबाचा शौक होता. आम्ही दोघंही खूप हसलो होतो.

बस, एवढ्याच गमती.

अकोल्याला एका ट्रस्टचं मोठं रुग्णालय आहे. नाव लिहीत नाही, ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. ट्रस्टचे अध्यक्ष जुने, वजनदार गृहस्थ, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. रुग्णाच्या नोंदणीपासून त्याला दिलेल्या प्रत्येक गोळीपर्यंत सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं त्यांनी ठरवलं आणि ते काम आमच्या कंपनीला मिळालं. नितीन सरांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं काम. करार झाला त्या दिवशी त्यांनी ऑफिसात सगळ्यांना गिला वडा खाऊ घातला होता.

पहिल्यांदा प्रोग्राम दाखवायला सर आणि मी गेलो. भाऊसाहेबांच्या दालनात मंडळाचे पाच-सहा जण बसले होते. मी लॅपटॉप उघडला. आमचं ठरीव रूप निळं होतं. बँकेचं निळं असतं, रेल्वेचं निळं असतं, निम्म्या जगातल्या प्रोग्रामचं निळं असतं, कारण तो रंग दिवसभर समोर राहिला तरी डोळ्यांवर चढत नाही. भाऊसाहेबांनी पाच मिनिटं बघितलं आणि मला विचारलं, "मॅडम, पूर्ण नाव काय तुमचं?"

मी आडनावासह सांगितलं.

"हां," ते म्हणाले. "तवाच म्हटलं, निळं काहून आहे."

मंडळी हसली. नितीन सरही हसले, म्हणजे तोंड हसल्यासारखं केलं. मी बँकेचं, रेल्वेचं सांगितलं. भाऊसाहेब म्हणाले, तसं काही नाही मॅडम, आमच्या मनात काही नाही, मजाक केली. पुढे अख्खा तासभर ते माझ्याशी फार सौजन्याने बोलले. चहा आला तेव्हा पहिला कप मला द्यायला लावला. ज्यांच्या बाबतीत असं घडलेलं आहे, त्यांना तो पहिला कप कसा लागतो ते सांगावं लागणार नाही.

परतताना मूर्तिजापूरला सरांनी गाडीत पेट्रोल भरून घेतलं. मग म्हणाले, मनावर घेऊ नको, जुने लोक आहेत. मी मनावर घेतलं नाही असं म्हणाले. मला नोकरी नव्हती तेव्हा याच माणसाने पदवीची टक्केवारी न बघता मला ठेवून घेतलं होतं. तेही मी विसरले नव्हते.

प्रोग्राम सुरू झाला. निळाच राहिला, कारण बदलायला वेळ नव्हता. काही महिन्यांनी रुग्णालयातून निरोप आला की स्त्रियांच्या वॉर्डातल्या सिस्टरांची तक्रार आहे, कोणीतरी या. मी गेले. तिथे प्रमिला सिस्टर भेटल्या. पन्नाशीच्या, उंच, चष्मा लावणाऱ्या, तिवसा तालुक्यातल्या शेतकरी घरातल्या. नवरा वारल्यावर नर्सिंग शिकलेल्या आणि अनेक वर्षं तिथेच कंत्राटावर. त्यांनी मला थेट वॉर्डाच्या टोकाला असलेल्या त्यांच्या टेबलाशी नेलं. कॉम्प्युटरवर टॉवेल टाकलेला होता.

"तुमचा हा दिवा आहे ना बाई, हा कोनाले झोपू देत नाही," त्या म्हणाल्या.

खरंच होतं. संध्याकाळी वॉर्डातले दिवे मंद केले की पांढऱ्या पानाचा उजेड समोरच्या चार खाटांवर थेट पडे. एका म्हाताऱ्या बाईने पदर तोंडावर घेतला होता. म्हणून सिस्टर टॉवेल टाकत, नोंद करायची वेळ आली की उचलत, पुन्हा टाकत. मोबाइलमध्ये काळं होतं तसं हे होत नाही काय, एवढंच त्यांचं विचारणं होतं.

होतं. पण लोकांना वाटतं तसं पांढऱ्याचं काळं आणि काळ्याचं पांढरं केलं की झालं, असं नसतं. मी पहिला नमुना तसाच केला होता, मलाही घाई होती. प्रमिला सिस्टर म्हणाल्या, अक्षरं फुटून राहिले. कुळकुळीत काळ्यावर शुभ्र अक्षर चमकतं आणि चष्म्याच्या डोळ्यांना त्याच्या कडा पसरलेल्या दिसतात. इंग्रजी अक्षर त्यातून निभावून जातं. आपल्या जोडाक्षरांची पोटं मात्र भरून जातात, 'कृष्णा' आणि 'तृष्णा' सारखेच दिसायला लागतात. दवाखान्यात हे चालत नाही. मग मी काळ्याचा कोळशासारखा राखाडी केला, पांढऱ्याचा ताकासारखा रंग केला, अक्षर एका मापाने मोठं केलं, त्याची रेघ थोडी बारीक केली. आणि शेवटी ॲलर्जीची पट्टी घेतली.

ही पट्टी नीट समजून घ्या. एखाद्या रुग्णाला एखादं औषध चालत नसेल तर ते नोंदणीच्या वेळीच लिहून घेतात. नंतर त्याचं पान उघडलं की डॉक्टरला आणि सिस्टरला ते दिसलं पाहिजे. कागदाच्या काळात केसपेपरवर लाल शाईने लिहीत. कॉम्प्युटर आल्यावर कागद बंद झाला, तेव्हा लाल शाईच्या जागी आमची पट्टी आली. मूळच्या निळ्या रूपात ती लाल होती आणि पानाच्या माथ्यावर होती. मी दोन-तीन दिवस प्रमिला सिस्टरच्या बाजूला स्टूल टाकून बसले आणि त्यांचे डोळे कुठे जातात ते बघितलं. माथ्याकडे ते जातच नव्हते. नाव, खाट, औषध, आणि मग थेट 'दिलं' लिहिलेलं बटण. म्हणून मी पट्टी त्या बटणाच्या बरोबर वर आणली. रंग भडक पिवळा, अक्षरं काळी, शेजारी त्रिकोण. आणि अख्ख्या प्रोग्राममध्ये दुसरीकडे कुठेही पिवळा येणार नाही असा नियम केला. डोळ्यांना रंग भडक आहे की फिका यापेक्षा तो एकटा आहे की नाही हे आधी कळतं.

नमुना बघून सिस्टर म्हणाल्या, "हे आता आंधारातही बोंबलते." माझ्या कामाचं याहून मोठं कौतुक मला कोणी केलेलं नाही. त्या दिवशी त्यांनी डब्यातली भाकर आणि ठेचा मला अर्धा दिला. आम्ही दोघी औषधाच्या कपाटामागे बसून जेवलो. मुलाच्या नोकरीबद्दल बोलल्या, माझ्या आईच्या गुडघ्यांबद्दल विचारलं. टॉवेल त्यांनी धुऊन घरी नेला.

काळं रूप वॉर्डांमध्ये वर्षभर चाललं. बाकीच्या वॉर्डांतल्या सिस्टरांनीही मागून घेतलं. मग एके दिवशी भाऊसाहेब मुंबईच्या पाहुण्यांना रुग्णालय दाखवत फिरले. वॉर्डात आल्यावर त्यांना सगळे कॉम्प्युटर बंद आहेत असं वाटलं. बंद नाहीत, असेच दिसतात, असं कळल्यावर ते पाहुण्यांसमोर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नितीन सरांना फोन आला. पेशंट इथं जगायले येतात, त्यांच्या समोर काळं काहून ठेवता? अन् हे निळं-काळं सगळं काढा. आपल्या कमानीचा जो कलर आहे, ॲम्ब्युलन्सचा आहे, तो सगळीकडं द्या.

कमान केशरी होती. ॲम्ब्युलन्सवरचा पट्टा केशरी होता.

मी थीम केली. मला केशरी रंगाचं वावडं नाही, कुठल्याच रंगाचं नाही, असलं तर मी या धंद्यात कशी राहिले असते? वर केशरी पट्टा, डावीकडे केशरी, पानाचा पृष्ठभाग सायीसारखा फिका केशरी, बटणं गडद केशरी. दिसायला वाईट नव्हतं. अडचण एकच होती. केशरीच्या घरात लाल आणि पिवळा हे दोन्ही घरातलेच होतात. लाल पट्टी ठेवली तर ती सजावटीत मिसळते, पिवळी ठेवली तर फिक्या पृष्ठभागात विरघळते. म्हणून मी पट्टी काळी केली, त्यावर पिवळी अक्षरं. जागा तीच, बटणाच्या वर.

दाखवायला गेलो तेव्हा भाऊसाहेब खूश झाले. मग रुग्णाचं पान उघडलं. ते म्हणाले, सगळं छान आहे, हा काळा डाग तेवढा काढा. मी पट्टी कशासाठी आहे ते सांगितलं. ते म्हणाले, पट्टी राहू द्या ना, कलर बदला. मी म्हणाले, बदलला तर दिसणार नाही. ते नितीन सरांकडे बघून म्हणाले, "मॅडमले आपला कलर काही पटून नाही राहिला."

ऑफिसात आल्यावर मी सरांना सगळ्यांसमोर सांगितलं की हा बदल मी करणार नाही. रंगांमधला फरक मोजता येतो, कॉम्प्युटरच आकडा सांगतो, तो आकडा मी त्यांना स्क्रीनवर दाखवला. सरांनी बघितला. म्हणाले, तुझं बरोबर आहे. मग माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी स्वतः ती ओळ बदलली. 'धोका' म्हणजे गडद केशरी, अक्षरं पांढरी. एवढी गडद आहे की दिसते, म्हणाले. आणि पट्टी मधोमध खुपते म्हणून ती पुन्हा माथ्यावर नेली, पट्ट्याच्या खाली. त्यांच्या कपाळाला घाम आला होता. मला त्या वेळी त्यांचा राग आला नाही, कीव आली. राग नंतर आला.

पुढे जे झालं ते मी पाहिलेलं नाही. तिथल्या लोकांकडून आणि नंतर स्वतः प्रमिला सिस्टरकडून जेवढं कळलं तेवढं लिहिते.

ऑक्टोबरच्या उन्हाच्या दिवसांत एक शिक्षिका दाखल झाल्या. न्यूमोनिया होता, ताप चढलेला, नीट बोलण्याच्या स्थितीत नव्हत्या. एका जातीचं प्रतिजैविक त्यांना चालत नाही, हे नोंदणीच्या खिडकीवर त्यांच्या भावाने सांगितलं आणि तिथल्या माणसाने बरोबर लिहून घेतलं. म्हणजे कॉम्प्युटरला ते माहीत होतं. डॉक्टरांनी तेच प्रतिजैविक लिहिलं. त्यांनाही पट्टी दिसली नाही. दुपारी प्रमिला सिस्टरकडे दोन वॉर्ड होते, कारण जोडीची सिस्टर रजेवर होती. त्या बाईंचा भाऊ खाली औषधं आणायला गेला होता. टेबलासमोरच खिडकी, पश्चिमेचं ऊन थेट जुन्या मॉनिटरवर. सिस्टरनी पान उघडलं, नाव बघितलं, खाट बघितली, औषध बघितलं, इंजेक्शन दिलं आणि 'दिलं' हे बटण दाबलं.

थोड्याच वेळात त्या बाईंचा श्वास अडला. पहिली धावली ती प्रमिला सिस्टरच. डॉक्टर येईपर्यंत जे करायला पाहिजे ते सगळं त्यांनी केलं, हे नंतर डॉक्टरांनीही मान्य केलं. बाई वाचल्या. पण बरेच दिवस घशात नळी होती आणि ती निघाल्यावर आवाज गेला तो पुरता परत आला नाही. फळ्यापासून दुसऱ्या बाकापर्यंतही पोचत नाही इतका घोगरा झाला. मराठी शिकवायच्या. कविता म्हणून दाखवायच्या म्हणे.

चौकशी बसली. कंपनीला बोलावलं, प्रोग्राममध्ये इशारा होता की नव्हता ते दाखवा म्हणून. सर नको म्हणत असतानाही मी सोबत गेले. सभागृहात पडदे ओढलेले, दिवे घालवलेले, भिंतीवर प्रोजेक्टर. सरांनी त्या बाईंचं पान उघडलं. भिंतभर पान आणि माथ्यावर हातभर रुंदीची केशरी पट्टी, त्यावर पांढरी अक्षरं.

"हे पाहा," भाऊसाहेब म्हणाले. "हे तं आंधळ्यालेही दिसन."

प्रमिला सिस्टर कोपऱ्यातल्या खुर्चीवर होत्या. त्यांनी भिंतीकडे बघितलं आणि मान खाली घातली.

मी उठून उभी राहिले. म्हणाले की इथे अंधारात भिंतीवर बघून काही कळणार नाही. वॉर्ड खालच्याच मजल्यावर आहे, आता दुपार आहे, खिडकीतून ऊन येत असेल, सगळ्यांनी त्या टेबलाशी चला आणि त्याच मॉनिटरवर हेच पान बघा. आधी ही पट्टी काळी होती, त्याच्या आधी पिवळी होती, ती का बदलली तेही मी सांगते. आणि सांगितलं. कोणाच्या सांगण्यावरून बदलली तेही सांगितलं. एकही शब्द मी गिळला नाही.

कोणी उठलं नाही. भाऊसाहेब रागावलेही नाहीत. समजूत घातल्यासारखे म्हणाले, "बाई, तुमचा आमच्या कलरवरचा राग आमाले पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तो इथं काढू नका."

त्याबरोबर माझं बोलणं संपलं. म्हणजे मी नंतरही बोलले, आकडे सांगितले, पण मघापर्यंत जे एका जाणकार माणसाचं म्हणणं होतं ते एका क्षणात आमच्या लोकांची तक्रार होऊन बसलं. समितीतले दोघे टेबलाकडे बघू लागले. त्यातले एक आमच्यातलेच, मोठ्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. बाहेर पडताना मला हळूच म्हणाले, पोरी, जागा पाहून बोलायचं असते. त्याआधी समितीने नितीन सरांना विचारलं होतं, तेव्हा ते म्हणाले होते, इशारा पडद्यावर होता. हे खोटं नव्हतं.

प्रमिला सिस्टरना निष्काळजीपणाचा ठपका ठेवून काढलं. कंत्राटावर होत्या, काढायला काही लागत नाही. डॉक्टर तिथेच आहेत. भाऊसाहेब आहेत. महिन्याभराने आमच्या कंपनीने तोवर हा प्रोग्राम घेतलेल्या सगळ्या रुग्णालयांना प्रोग्रामची सुधारित आवृत्ती पाठवली. तिच्यात ॲलर्जीची पट्टी पुन्हा काळी-पिवळी होती आणि 'दिलं' या बटणाच्या वर होती. कारण लिहिलं नव्हतं. सोबतच्या पत्रकात एवढंच होतं, की वापरणाऱ्यांच्या सोयीसाठी दृश्य स्वरूपात किरकोळ बदल. ते पत्रक माझ्याच टेबलावर तपासायला आलं. त्याच दिवशी मी नोकरी सोडली. सर दारापर्यंत आले. म्हणाले, पन्नास माणसांचं पोट आहे संघमित्रा, मी काय करायला पाहिजे होतं? मला वाटतं, ते खरंच विचारत होते. मी जिना उतरले. आजही मला त्यांना टाकून बोलता येत नाही आणि त्यांचा फोन घेताही येत नाही.

आता मी घरूनच काम करते. जगभरच्या लोकांना काळी रूपं हवी असतात. पोरांच्या मोबाइलमध्ये सगळं काळं असतं. गेल्या वर्षी कुठून तरी कळलं की भाऊसाहेबांच्या नातवाच्या सांगण्यावरून रुग्णालयाच्या प्रोग्रामला पुन्हा काळं रूप मिळालं आहे. आधुनिक दिसतं म्हणून. कळलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. हातातली पोळी पुरी केली आणि तव्यावर टाकली.

प्रमिला सिस्टरना भेटायला जायला मला फार दिवस लागले. त्या तिवशाला एका डॉक्टरांच्या छोट्या दवाखान्यात लागल्या आहेत असं त्यांच्या मुलाने सांगितलं. या उन्हाळ्यात एकदा सकाळच्या एसटीने गेले. दवाखाना मुख्य रस्त्यावरच आहे. बाहेर बाकांवर गावोगावचे लोक, आत एक पडदा, पडद्यामागे सिस्टर. केस सगळे पांढरे झालेत. मला बघून हातातलं काम न सोडता म्हणाल्या, "या बाई, बसा. उन्हाच्या काहून आल्या?"

बसून बघत राहिले. प्रत्येक माणसाला इंजेक्शनच्या आधी त्या विचारत होत्या, कोणत्या दवाईची रिॲक्शन आली होती काय कधी? माणूस नाही म्हणायचा. मग सोबतच्याला विचारायच्या. मग सुईत औषध भरून झाल्यावर पुन्हा त्या माणसाला. कौंडण्यपूरकडचा एक म्हातारा वैतागून म्हणाला, किती खेप इचारतं माय, मी काय चोर हाओ काय? बाकांवरचे हसले. त्या हसल्या नाहीत. चौथ्यांदा विचारलं.

गर्दी ओसरल्यावर चहा मागवला. मुलाचं, सुनेचं बोललो. त्या शिक्षिकेकडे त्या दोनदा जाऊन आल्या होत्या. पहिल्यांदा भावाने दारातून परत पाठवलं. दुसऱ्यांदा बाईंनी आत घेतलं, पाणी दिलं, पण बोलल्या नाहीत. बोलायचं नव्हतं की बोलणं झेपत नव्हतं ते समजलं नाही, म्हणाल्या. मग कप खाली ठेवला.

"बाई, मले एक सांगा. तुमी खोटं नाही बोलणार म्हणून तुमाले विचारून राहिली. त्या दिवशी ते पट्टी होती काय तिथं?"

इतकी वर्षं त्यांना हेच माहीत नव्हतं. भिंतीवर दाखवलं ते नंतर टाकलेलं असेल, असं त्यांच्या मनात कुठेतरी होतं. तेवढ्यावर त्या तगून होत्या. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं आणि तरी मी सांगितलं.

"होती."

"अन् मी पाह्यली नाही."

"सिस्टर, दिसण्यासारखी नव्हती. त्या रंगात, त्या उन्हात कोणालाच दिसली नसती. डॉक्टरांनाही नाही दिसली. मी मोजून बघितलं आहे, मी तेव्हाच सांगितलं होतं..."

"होती ना पण," त्या म्हणाल्या.

मी पुढे खूप समजावलं. एकसारख्या रंगात डोळा कसा घसरतो, माथ्यावरची पट्टी नजर कशी ओलांडून जाते, यात माणसाचा दोष कसा नसतो. माझ्या आयुष्यभराची विद्या मी त्या बाकावर त्यांच्यापुढे ओतली. त्या शांतपणे ऐकत होत्या, मास्तरांचं ऐकावं तसं. माझं संपल्यावर माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुमचं बरोबर असन बाई. तुमी शिकल्या आहा त्यातलं."

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. एका बाईला दोघं धरून आत आणत होते. प्रमिला सिस्टर उठल्या, पदर खोचला, पडद्यामागे गेल्या. मी चहाचे कप उचलून नळाखाली धुतले. आतून त्यांचा आवाज येत होता. त्या विचारत होत्या, कोणत्या दवाईची रिॲक्शन आली होती काय कधी? घाई नाही. आठवून सांग.